पेटी भिंतीवर, किल्ली शिपायाच्या खिशात

प्रश्न असा आला आहे: आमचं गाव साडेचार हजार वस्तीचं, तालुक्यापासून १८ किलोमीटरवर. गेल्या यात्रेत कुस्त्यांचा फड बघत बसलेले ५२ वर्षांचे एक गृहस्थ बसल्या जागी कोसळले. जीपमधून तालुक्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आता तरुण मंडळाने वर्गणीतून दीड लाख रुपये जमवलेत आणि एईडी, म्हणजे अचानक कोसळलेल्या माणसाच्या हृदयाला विजेचा शॉक देणारं मशीन, घ्यायचं चाललंय. घ्यावं का? घेतलं तर कुठं बसवावं? आणि गावात डॉक्टर नसताना ते चालवणार कोण?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. चालवणार तुम्हीच. पेटी उघडली की मशीन बोलायला लागतं. छातीवर पट्ट्या चिकटवा, रुग्णाला हात लावू नका, बटण दाबा, एवढंच सांगतं. शॉक द्यायचा की नाही हे ते स्वतः ठरवतं, तुम्ही ठरवायचं नसतं. सातवीतली पोरं ते बिनचूक वापरतात, हे मी शाळेत शिकवताना पाहिलंय. अवघड आहे ते बाकीचं. त्या बाकीच्यातच बहुतेक गावांचं मशीन फुकट जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी भूलतज्ज्ञ आहे. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी २३ वर्षं काम करतोय. ऑपरेशन थिएटरमध्ये हृदय बंद पडलं तर माझ्या हाताशी सगळं असतं, आणि मुख्य म्हणजे ते बंद पडताना मी समोर उभा असतो. कॅज्युअल्टीच्या दारात जीप थांबते तेव्हा मात्र माझ्या हाती बहुधा काहीच उरलेलं नसतं. मागच्या सीटवर बायको डोकं मांडीवर घेऊन बसलेली असते, पुढं चार माणसं दाटीवाटीनं, आणि ‘आत्ता येशीपाशी श्वास चालू होता डॉक्टर’ हे वाक्य. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की गाडीचा दरवाजा उघडण्याआधीच ते कानात वाजतं.

त्या वाक्यातच अर्धा आजार आहे. आपल्याकडं ‘घरघर लागली’ म्हणतात ना, तोच तो श्वास. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं माणूस मधूनच आ वासून, घोरल्यासारखा हवा ओढतो. बघणाऱ्याला वाटतं जीव आहे. जीव वाचवण्यासारखा आहे हे खरं, पण तो श्वास नव्हे. दुसरी गंमत म्हणजे, गंमत कसली, हृदय बंद पडल्यावर पहिल्या काही सेकंदांत पुष्कळ जणांचे हातपाय फिट आल्यासारखे झटके देतात. मग कोणी कांदा फोडतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी तोंडात पाणी घालतो. हे सगळं मायेपोटी चाललेलं असतं, पण त्यात तीन मिनिटं जातात. म्हणून गावाला एकच वाक्य पाठ करवा: हाक मारली, हलवलं, तरी उठत नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर हृदय बंद आहे असं धरा आणि छाती दाबायला लागा. चूक झाली तर माणूस कळवळून हात झटकेल, फार तर एखादी बरगडी दुखेल. नाही दाबली तर काय होतं ते तुम्ही फडात पाहिलंच आहे.

आता मशीन नेमकं काय करतं ते. आपण सरसकट ‘अटॅक आला’ म्हणतो, पण त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते तो अटॅक. त्यात माणूस बोलतो, घामेजतो, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं म्हणतो. त्याला एईडी लावायचं नसतं. त्याला १०८, आणि ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर ॲस्पिरिनची गोळी चावून, आणि जिथं ईसीजी निघतो तिथं लवकर पोचवणं. पण त्या अटॅकमुळं हृदयाची वीज बिघडली की माणूस एका क्षणात पडतो. हृदय ठोके देत नाही, मुठीतल्या पाखरासारखं नुसतं फडफडतं. याला डॉक्टर व्हीएफ म्हणतात. वर्गात एकच गोंधळ चाललाय आणि हेडमास्तरांनी टेबलावर छडी आपटली, की क्षणभर सगळं गप्प होतं आणि मग वर्गाचा मॉनिटर पहिली ओळ म्हणायला लागतो. शॉक म्हणजे ती छडी. तो हृदय ‘चालू’ करत नाही, गोंधळ थांबवतो. सिनेमात सरळ रेषा दिसली की शॉक देतात ते साफ खोटं आहे. सरळ रेषा म्हणजे रिकामा वर्ग, तिथं छडी आपटून काय होणार? एईडी तिथं शॉक देतच नाही, ‘शॉकची गरज नाही, छाती दाबत राहा’ असं सांगतं. लोकांना वाटतं माणूस ठीक आहे म्हणून मशीन नको म्हणालं, आणि दाबणं थांबवतात. शिकवताना यावर मी वेगळी पाच मिनिटं घालवतो.

फडफडणारं हृदय हळूहळू थकून सरळ रेषेकडे जातं. छाती दाबली नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. दहा मिनिटांनी हिशोब मांडायला फारसं काही राहत नाही. चांगली दाबली तर ही घसरण बरीच मंदावते. मशीन येईपर्यंत वेळ विकत घेणारे हात ते हेच.

आता १८ किलोमीटरचा हिशोब करा. १०८ ची सेवा राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ गाड्यांनी. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड, म्हणजे मोठ्या सामग्रीच्या. राज्यात तालुके साडेतीनशेच्या वर. म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं तालुक्याला सरासरी अडीच-पावणेतीन गाड्या, आणि मोठी गाडी तर एकही पूर्ण वाट्याला येत नव्हती. जवळची गाडी नेमकी माणूस पडतो त्या वेळी बाळंतपणाची बाई घेऊन सिव्हिलला निघालेली असू शकते. मी १०८ च्या लोकांना दोष देत नाही, त्यातले कित्येक रात्र रात्र राबतात. पण पाच मिनिटांत ती तुमच्या गावात पोचणार नाही, हे भूगोलाचं गणित आहे. १९६५ मध्ये बेलफास्टला फ्रँक पॅन्ट्रिज या डॉक्टरने पहिल्यांदा डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, रुग्णालयाबाहेर काढून ॲम्ब्युलन्समध्ये घातला. तो मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालायचा आणि वजन होतं ७० किलो. आज तेच काम करणारी पेटी दीड-दोन किलोची आहे, शाळेच्या दप्तरापेक्षा हलकी. म्हणजे ती ॲम्ब्युलन्सची वाट बघायला लावत नाही, गावात आधीच असू शकते. तुमच्या मंडळाच्या डोक्यात आलेली कल्पना म्हणूनच मुळात बरोबर आहे.

पण खरं सांगायचं तर त्यातून काय मिळेल याचाही अंदाज ठेवा. इतर देशांतल्या नोंदींवरून रुग्णालयाबाहेर अचानक हृदय बंद पडण्याचं प्रमाण एक लाख प्रौढांमागे वर्षाला साधारण ५०-६० धरलं, तर तुमच्या गावात वर्षाला एखाद-दोन प्रसंग. त्यातले बरेचसे घरात, कितीतरी रात्री, काही कोणाच्या लक्षात न येता. काहींत शॉकचा उपयोगच नसतो. पेटी पाच वर्षांत एकदाही उपयोगी पडली नाही असं होऊ शकतं. वर्गणी देणाऱ्यांना हे आधीच सांगा. नाहीतर तिसऱ्या वर्षी ग्रामसभेत कोणीतरी उठून ‘त्या मशीनचं काय झालं’ विचारणार आणि मंडळाच्या पोरांची तोंडं पडणार.

हे मशीन कुठं कामाला येतं याचा माझा आवडता दाखला जुगाराचा आहे. अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना एईडी शिकवलं आणि २००० साली त्याचे निकाल छापून आले. डोळ्यांदेखत पडलेल्यांपैकी ज्यांना तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला त्यांच्यातले ७४ टक्के वाचले, तीन मिनिटांनंतर मिळाला त्यांच्यातले ४९. इतके चांगले आकडे मोठ्या रुग्णालयांच्या वॉर्डांतूनही सहसा दिसत नाहीत. कारण साधं आहे. जुगारी जागचा हलत नाही, छतावर कॅमेरे असतात आणि रक्षक चोवीस तास जागा असतो. मशीन तेच, डॉक्टर नाहीतच, फक्त जागा माणूस जवळ.

आता याची उलटी बाजू. डेन्मार्कमध्ये एईडींची नोंदवही आहे, कुठलं मशीन कुठं ते नकाशावर दिसतं. कोपनहेगनमध्ये कोणीतरी हिशोब केला की माणूस पडला त्या घटकेला जवळचं मशीन हाती लागलं असतं का? संध्याकाळी, रात्री आणि शनिवार-रविवारी निम्म्याहून जास्त वेळा उत्तर आलं, नाही. इमारतच बंद. आणि सार्वजनिक जागी हृदय बंद पडण्याच्या घटनांतल्या साठ टक्क्यांहून अधिक त्याच बंद वेळांतल्या होत्या. डेन्मार्कची ही गत, तर आपल्या ग्रामपंचायतीचं काय बोलावं!

म्हणून जागा ठरवायला बसाल तेव्हा ‘सगळ्यात मध्यवर्ती इमारत कोणती’ असं विचारू नका. ‘रात्री साडेअकराला आणि पहाटे साडेचारला गावात कोण जागं असतं’ असं विचारा. तुमच्या मनात ग्रामपंचायत असणार, सगळ्यांच्याच असते. तिथं सहानंतर कुलूप, किल्ली शिपायाच्या खिशात, आणि शिपाई भाच्याच्या लग्नाला. उपकेंद्र? तिथल्या सिस्टर तीन गावं सांभाळतात. शाळा? दिवाळी आणि मे महिना सोडून द्या. मेडिकलवाला चांगला माणूस असतो, पण दहाला शटर ओढतो. माझ्या अनुभवात चांगल्या जागा निघतात त्या अनपेक्षित. हायवेलगतचा पेट्रोल पंप, जिथं रात्रपाळीचा पोरगा बाजेवर पडलेला असला तरी हॉर्न वाजला की उठतो. दूध संकलन केंद्र, पहाटे पाचला उघडतं आणि संध्याकाळी पुन्हा. कारखाना जवळ असेल तर गेटवरचं टाइम ऑफिस. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत उघडं असणारं देऊळ, पुजारी तिथंच राहत असेल तर उत्तमच. आणि कधी कधी सगळ्यात चांगली जागा म्हणजे भर गावठाणातल्या एखाद्या घराची ओसरी, जिथं तीन पिढ्या राहतात आणि घर कधीच रिकामं नसतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका पंपावर असंच मशीन ठेवलं होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी भाजीचा व्यापारी काट्यावर वांगी तोलता तोलता कोसळला. शेजारच्या मिरचीवालीने आरडाओरडा केला. एक रिक्षावाला आमच्या शिबिरात बसलेला होता, त्याने दाबायला सुरुवात केली. कोणीतरी पंपावर फोन लावला आणि पंपावरचा पोरगा पेटी पोटाशी धरून दुसऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून आला. पहिला शॉक साधारण सहाव्या मिनिटाला गेला. मी पोचलो तेव्हा तो व्यापारी डोळे किलकिले करून ‘माझं काट्यावरचं माप कोणी नेलं’ विचारत होता. नंतर सोलापुरात त्याची अँजिओप्लास्टी झाली. मी त्यात काहीही केलं नाही, गर्दीत उभा होतो इतकंच.

दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. एका मोठ्या संस्थेला देणगीत एईडी मिळालं होतं. उद्घाटन झालं, फोटो छापून आला. तीन वर्षांनी तिथल्याच आवारात माळीकाम करणारा माणूस पडला. मशीन अध्यक्षांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात, ढालींच्या शेजारी. किल्ली सापडेपर्यंत सात मिनिटं. काढलं तर बॅटरी संपलेली, पट्ट्यांवरची जेल वाळून कागदासारखी, आणि हँडलला उद्घाटनाच्या फितीचा लाल तुकडा अजून बांधलेला. नंतर ते मशीन मी हातात घेतलं तेव्हा मला राग कोणाचा यावा तेच कळेना. कोणी वाईट हेतूनं काहीच केलं नव्हतं. फक्त त्या पेटीकडे बघायचं काम कोणाचंच नव्हतं.

तर ते काम कोणाचं ते खरेदीच्या आधी ठरवा. बहुतेक मशीन आपली तपासणी आपण करतात आणि सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा किंवा हिरवी खूण दाखवतात. माणसानं फक्त ती बघायची असते. ‘दर महिन्याला’ म्हटलं की विसरतं. एका गावाने हे काम भजनी मंडळाला दिलंय, दर एकादशीला पेटीचा दिवा बघायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिक करायची. महिन्यातून दोनदा, वर्षानुवर्षं, एकही चुकलेली नाही. आरोग्य खात्याच्या कुठल्या रजिस्टरला हे जमलंय? पट्ट्यांच्या पाकिटावर मुदतीची तारीख असते, बहुधा दोन ते चार वर्षांची. बॅटरी न वापरता साधारण चार-पाच वर्षं टिकते, चार्ज करायची नसते, त्यामुळं लोडशेडिंगचा प्रश्न नाही. या दोन तारखा पेटीवर बाहेरून, लांबून दिसतील अशा ऑइल पेंटने लिहून ठेवा.

पैशाचंही त्याच अनुषंगानं सांगतो. मशीनची किंमत मॉडेलप्रमाणे लाखाच्या अलीकडे-पलीकडे जाते. दीड लाखातले सगळे मशीनवर उडवू नका. निदान तिसरा हिस्सा पुढच्या पट्ट्या, बॅटरी आणि शिकवण्यासाठी पतसंस्थेत ठेवा. विक्रेत्याला दोनच गोष्टी ठणकावून विचारा: पट्ट्यांचा पुढचा जोड केवढ्याला आणि किती दिवसांत मिळेल, आणि मशीन बोलतं कुठल्या भाषेत. समोर चालू करून ऐका. इंग्रजीतून भराभर बोलणारं मशीन रात्री बारा वाजता घाबरलेल्या पोराच्या काय कामाचं? मराठी नाहीतर निदान हिंदी हवीच. कोणी कारखानदार किंवा कंपनी मदत द्यायला आली, तर त्यांना मशीनवर नाव टाकायला द्या, पण बदल्यात मशीन नको, पाच वर्षांच्या पट्ट्या आणि बॅटरी मागा. देणारे जरा हिरमुसतात, कारण पट्ट्यांचं उद्घाटन करता येत नाही.

आमच्या भागात एक शत्रू आहे तो म्हणजे ऊन. बहुतेक मशीन ५० अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवायची असतात. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४३-४४ अंश असताना पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेल्या पत्र्याच्या पेटीत दुपारी तीनला काय होत असेल ते हात लावून बघा, चटका बसेल. विदर्भात तर विचारूच नका. उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत, वर पत्र्याऐवजी स्लॅब किंवा कौलं, आणि पेटीला हवा खेळायला फटी. कोकणात याच्या उलट दमट आणि खारी हवा खाते, तिथं धूळ-पाण्यापासून किती संरक्षण आहे तो आकडा मशीनवर बघून घ्या.

चोरीची भीती प्रत्येक गावात निघते. म्हणून कुलूप. माझं मत स्पष्ट आहे, कुलूप नको. हवं तर दार उघडताच कर्कश वाजणारी बेल लावा, ती मदतीलाही उपयोगी पडते, शेजारपाजारचे धावत येतात. चोरून नेलं तरी ते मशीन भंगारवाला घेणार नाही आणि घरात कोणी दिव्याच्या जागी लावणार नाही.

आता लोक गोळा कसे करायचे. १०८ वर फोन तर आधी करायचाच, पण तुमच्या गावात पेटी कुठं आहे हे पलीकडच्या माणसाला माहीत असेल असं धरून चालू नका. गावानं आपली व्यवस्था आपण लावायची. स्टॉकहोममध्ये सीपीआर, म्हणजे छाती दाबून जीव वाचवणं, शिकलेल्या लोकांचे मोबाईल जोडून ठेवले, जवळ कोणी पडलं की त्यांना संदेश जायचा. २०१५ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला, त्यात ॲम्ब्युलन्स येण्याआधी कोणीतरी छाती दाबायला लागल्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६२ वर गेलं. आपल्याकडं ही यंत्रणा वेगळ्या कामासाठी आहेच की! ग्रामसुरक्षा यंत्रणा तुमच्या गावात असेल तर माहीत असेल: चोर आले, बिबट्या दिसला, आग लागली, की एका टोल फ्री नंबरवर फोन करून बोलायचं आणि तो आवाज गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या मोबाईलवर कॉल म्हणून जातो. व्हॉट्सॲपपेक्षा हे कितीतरी बरं, कारण रात्री व्हॉट्सॲप कोण बघतो? फोन मात्र वाजतो. ‘मारुतीच्या देवळामागं अमक्याच्या घरी माणूस पडलाय, पेटी आणा’ एवढं वाक्य पुरे. यंत्रणा नसेल तर दहा जणांचे नंबर पेटीवर आणि देवळाच्या खांबावर रंगवा.

त्या दहांत निदान चार बायका घ्या. यावर मी अडून बसतो. बाई पडली की गर्दीतले पुरुष दोन पावलं मागं सरतात. पट्ट्या उघड्या छातीवर लावायच्या असतात, एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरी डाव्या काखेखाली बरगड्यांवर. म्हणजे ब्लाउज कापावा लागतो. सासरच्या माणसांसमोर ते करायला पुरुषाचा हात धजत नाही, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? आशाताई किंवा अंगणवाडीच्या बाई असल्या तर त्या एका क्षणात कापतात आणि बाकीच्या बायका लुगड्याचा आडोसा धरतात. मंगळसूत्र तोडायचं नाही, नुसतं पट्टीपासून बाजूला सरकवायचं. पेटीत एक मोठी कात्री, एक जाडाभरडा टॉवेल आणि दाढीचा रेझर हवाच. घामानं किंवा चिखलानं भिजलेल्या छातीवर पट्टी धरत नाही, आधी खसाखसा पुसावं लागतं.

शिकवायला अर्धा दिवस पुरतो. तळहाताची टाच छातीच्या मधोमध, कोपर ताठ, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. तोंडाला तोंड लावून श्वास देण्याची लोकांना किळस आणि भीती वाटते म्हणून भूलतज्ज्ञांच्या पुढाकारानं आपल्या देशात नुसती छाती दाबण्याची पद्धत शिकवतात, त्याला कॉल्स म्हणतात. मोठ्या माणसाला अचानक झालेल्या प्रसंगी ती पुरते. झांजपथकातली पोरं शिबिराला आली की मला घड्याळ बघावं लागत नाही, लय त्यांच्या अंगातच असते. फक्त ती शेवटी शेवटी वेग वाढवतात, मिरवणुकीची सवय!

पण गावाकडं एक वेगळी भर घालावी लागते. विहिरीत किंवा शेततळ्यात बुडालेलं पोर, नाग किंवा मण्यार चावून श्वास बंद पडलेला माणूस, फवारणीचं औषध पोटात गेलेला: यांचा मूळ घोटाळा श्वासाचा असतो. तिथं नुसतं दाबून भागत नाही, श्वासही द्यावे लागतात, आणि एईडी बहुधा ‘शॉक नको’च म्हणणार. त्यामुळं निदान तीन-चार जणांना श्वास देणंही शिकवा, पेटीत श्वास द्यायचा मास्क ठेवा. फवारणीवाल्याला मात्र तोंडाला तोंड लावायचं नाही. विष तुमच्या पोटात जाईल, मास्कच वापरा.

याच्या बरोबर उलट म्हणजे पाण्याच्या मोटारीचा शॉक. पाण्याची पाळी रात्रीची, पाय ओले, स्टार्टरची पेटी उघडी, आणि चोवीस-पंचवीस वर्षांचा तरणा पोरगा चिकटतो. घरगुती किंवा शेतीची वीज हृदयाला नेमकी त्याच फडफडीत ढकलते जिच्यावर एईडीचा उतारा असतो, आणि हृदय धडधाकट असतं. आधी फ्यूज काढा किंवा डीपीवरून वीज तोडा, मग हात लावा, नाहीतर एकाचे दोन होतात. मग ओढून कोरड्यावर घ्या, छाती दाबा, पेटी मागवा. वाचवण्यासारखे हे रुग्ण असतात, आणि हीच पोरं मी सगळ्यात जास्त वेळा मृत घोषित केलीत. ग्रामसभेत मशीनची गरज पटवायची असेल तर वयस्कांच्या अटॅकबद्दल बोलू नका, मोटारीबद्दल बोला. प्रत्येक गावात एक नाव निघतं आणि सभा गप्प होते.

वाड्या-वस्त्यांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही पण विचारायला हवा. गावठाणात पेटी तीन-चार मिनिटांत पोचते. अडीच किलोमीटरवरच्या मळ्यात मोटारसायकलवर जाऊन शॉक देईपर्यंत दहा मिनिटं होतात, ती सुद्धा रस्ता असेल तर. तिथं मशीनपेक्षा त्या घरातले हात महत्त्वाचे. गावातलं शिबिर एकदाच घेण्यापेक्षा मोठ्या वस्त्यांवर जाऊन तासाभराचं छोटं घ्या. एखाद्या गावाची निम्म्याहून जास्त माणसं रानात राहत असतील, तर मी त्या गावाला मशीन घेऊच नका असं सांगतो. त्या पैशात प्रशिक्षणाचे दोन बाहुले घ्या आणि वर्षभर शिकवत फिरा. स्वीडनमध्ये ड्रोननं एईडी पोचवून २०२१ च्या डिसेंबरात एक माणूस वाचवला, बर्फ उपसताना पडलेला. आपल्याकडं आता औषधफवारणीचे ड्रोन बांधाबांधावर दिसतात, तेव्हा कधीतरी हेही होईल. आज मोटारसायकल आहे, तिच्यात पेट्रोल असलं म्हणजे झालं.

जीपबद्दल. माणूस पडला की ‘उचला, घाला गाडीत’ ही आपली पहिली हाक असते. चालत्या जीपमध्ये छाती दाबता येत नाही, मी स्वतः एकदा प्रयत्न करून पाहिलाय, दोनदा माझंच डोकं टपाला आपटलं. पेटी गावात आहे तर माणूस जिथं पडला तिथंच, जमिनीवर, बाजेवर नाही, काम सुरू करायचं आणि मशीन सांगेल तसं दर दोन मिनिटांनी थांबत चालू ठेवायचं. तो श्वास घ्यायला लागला, हलायला लागला, तर पट्ट्या न काढता, मशीन चालू ठेवून न्यायचं. तुमच्या फडातल्या त्या गृहस्थांना १८ किलोमीटर नेलं ते सगळ्यांनी त्यांच्या परीनं बरोबरच केलं. दुसरं काही त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

आणि पोलिस केसची भीती. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये, संमती देऊ न शकणाऱ्या माणसाच्या भल्यासाठी सद्हेतूनं केलेल्या कृतीला संरक्षण आहे, जुन्या दंडविधानात ते ९२ वं कलम होतं. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं वेगळी तरतूद आली. पडलेल्याची छाती दाबली म्हणून कोणाला चौकीवर बसवल्याचं माझ्या २३ वर्षांत मी पाहिलेलं नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आधी शिबिर घेतलं असतं, मग दहा जण आणि फोनची साखळी ठरवली असती, मग एका रात्री साडेअकराला कोणालाही न कळवता ‘देवळामागं माणूस पडलाय’ म्हणून तालीम घेऊन घड्याळ लावलं असतं. पेटीच्या जागी बिस्किटाचा रिकामा डबा ठेवा. डबा पाच मिनिटांत आला तर दुसऱ्या दिवशी मशीनची ऑर्डर द्या. वीस मिनिटांत आला तर डब्याची जागा बदलून पुन्हा करा. तालमीचा दिवस ठरला की सांगा, मी बाहुला घेऊन येतो. फक्त गुरुवार नको, त्या दिवशी माझं थिएटर रात्री उशिरापर्यंत चालतं.